हिरव्या टेबलावरची मुलं

चि. लेखिकाबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही दोनदा वाचली. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. डोंगरातली जादूची शाळा झकास जमली आहे. ताकात बोट बुडवून उद्याचा पाऊस सांगणारी ती स्वयंपाकीणबाई तर मला घरी घेऊन यावीशी वाटली. खुपला तो काजळवाडा. तुझ्या चार वाड्यांपैकी तीन वाड्यांत मुलं राहतात आणि काजळवाड्यात नुसते खलनायक. अकरा वर्षांची पोरं ती, पण एकाचीही नजर सरळ नाही, एकालाही रात्री आईची आठवण येत नाही.

हे कुठून आलं ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. सातवीत भूमितीच्या पुस्तकाआड हॅरी पॉटर वाचायचीस. (मला दिसायचं. बोलले नाही, कारण तेव्हा माझ्याही पर्समध्ये चौथा भाग असायचा.)

तेव्हा त्याच्यावरच बोलू. हॅरीच्या जादूच्या शाळेतही चार हाऊस, म्हणजे तुझे चार वाडेच. हॅरी ग्रिफिंडोरचा, आणि त्यांची चुरस स्लिदरिनशी. पहिल्या भागातली वर्षअखेरची मेजवानी काढून वाच. हॉल हिरव्या आणि चंदेरी रंगात सजलाय, कारण स्लिदरिनने लागोपाठ सातव्या वर्षी हाऊसचा चषक जिंकलाय. त्यांचे गुण ४७२, ग्रिफिंडोरचे ३१२ आणि तेही शेवटचे. मग मुख्याध्यापक डम्बलडोर उठतात. म्हणतात, अगदी अलीकडच्या घटनाही धरायला हव्यात. ग्रिफिंडोरच्या रॉनला ५०, हर्मायनीला ५०, हॅरीला ६०. आता बेरीज कर: ३१२ अधिक १६०, बरोबर ४७२. बरोबरी. आणि मग त्यांच्याच नेव्हिलला १०.

लेखिका रोलिंगचं कसब बघ. त्या दहा गुणांना वजन यावं म्हणून तिने आधीचा सगळा हिशेब काटेकोर जुळवून आणलाय. पहिल्यांदा वाचताना मी टाळी वाजवली होती, खोटं कशाला बोलू. पण या वेळी तीच पानं हिरव्या टेबलावर बसून वाच. तिथेही पहिल्या वर्षाची मुलं आहेत. कुणी वर्षभर वर्गात हात वर करकरून गुण मिळवले असतील. त्यांच्या डोक्यावरची हिरवी तोरणं एका टाळीसरशी लाल होतात, स्लिदरिनचा साप जाऊन ग्रिफिंडोरचा सिंह येतो आणि उरलेली तिन्ही टेबलं जल्लोष करतात. गुण द्यायला हरकत नव्हती, पोरांनी जिवावरचं धाडस केलं होतं. पण मग हॉल आधी सजवू द्यायचा कशाला?

स्लिदरिनचा मास्तर स्नेप, त्याचा पक्षपात कुणालाही दिसतो. तो हॅरीच्या उद्धटपणाला एक गुण कापतो, दुसऱ्याचं रसायन बिघडलं तरी याचाच एक कापतो. असा पक्षपात लिहायला सोपा असतो. आपल्या आवडत्या माणसाने केला की तोच बक्षीस समारंभासारखा वाटतो, आणि तुझ्या गोष्टीत नेमकं हेच झालंय. तुझे आचार्य शेवटी नायिकेच्या वाड्याला 'मनाच्या मोठेपणाबद्दल' शंभर गुण देतात आणि तू त्यांच्याकडे नुसती भक्तिभावाने बघत राहतेस.

त्यापेक्षा ग्रिफिंडोरच्या मॅकगोनागलबाईंकडून शीक. रात्री भटकताना सापडल्यावर त्या स्वतःच्याच हाऊसच्या तिघांचे प्रत्येकी ५० गुण कापतात. त्याच रात्री सापडलेल्या स्लिदरिनच्या मॅल्फॉयचे फक्त २०. आणि ह्याच बाई, पहिल्या वर्षाच्या मुलांना झाडू ठेवायला बंदी असताना, हॅरीला क्विडिचच्या, म्हणजे झाडूवर उडत खेळायच्या खेळाच्या, संघात घेतात आणि नवाकोरा झाडूही मिळवून देतात. क्विडिचमध्ये हरणं त्यांना सोसत नाही. नियमाला कडक आणि खेळापुरत्या पातळ: अशी माणसं मी स्टाफरूममध्ये तीस वर्षं पाहिली.

मीही त्यातलीच. शाळेत मी लाल हाऊसची. खो-खोच्या अंतिम सामन्यात माझा पाय मधली रेघ ओलांडून गेला आणि त्याच झेपेत मी गडी बाद केला. पंच होत्या आमच्याच हाऊसच्या बाई. शिट्टी वाजलीच नाही. बाद झालेली हिरव्या हाऊसची मुलगी काही बोलली नाही, तिने फक्त माझ्या पायाकडे बोट दाखवलं. अंगठ्याला फक्की लागलेली होती, पांढरीशुभ्र. मी तो पाय दुसऱ्या पोटरीवर घासून पुसला. आम्ही जिंकलो. त्या मुलीचं नाव मला आज आठवत नाही, हाऊस तेवढं आठवतं.

तू म्हणशील, स्लिदरिनची माणसं वाईटच तर निघतात. शाळेचा रखवालदार हॅग्रिड तेच सांगतो, वाट चुकलेला प्रत्येक जादूगार तिथलाच होता म्हणून. पण हॅरीच्या आईबापांचा घात करणारा पेटिग्रू ग्रिफिंडोरचा, आणि खलनायक व्होल्डेमॉर्टविरुद्ध उलटून जीव गमावणारा रेग्युलस स्लिदरिनचा. शेवटच्या भागात डम्बलडोर स्नेपजवळ कबूल करतात की आपण मुलांची वाटणी फार लवकर करतो की काय. तरीही व्होल्डेमॉर्टशी लढाईच्या रात्री स्लिदरिनची एक मुलगी हॅरीला पकडून द्या म्हणते आणि तिच्यामागोमाग अख्ख्या हिरव्या टेबलाला बाहेरची वाट दाखवली जाते. दहा वर्षं आणि सात भाग झाले, तरी लेखिकेलाही हाऊसवरून माणूस ठरवायची सवय पुरती सोडवली नाही.

सवय चिवटच असते. १९७०च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सांगितलं, तुम्हाला क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली त्यावरून तुमचे गट केलेत. खरं तर गट कसेही पाडले होते. मग त्यांना पैसे वाटायला दिले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, अशी वाटणी बऱ्याच मुलांनी केली. ना जुनं वैर, ना साप, ना सिंह.

आता कामाचं. पहिल्याच भागात हॅरी स्लिदरिनच्या टेबलाकडे बघतो आणि त्याला ती मुलं नकोशी दिसतात. पण तिथेच लेखिका म्हणते, कदाचित हा ऐकलेल्या गोष्टींचा परिणाम असेल. तेवढा 'कदाचित' तुझ्या वहीत कुठेच नाही. तिसऱ्या प्रकरणात तो हवाच. आणि अकरावं प्रकरण, ते शंभर गुणांचं, काजळवाड्यातल्या एखाद्या पोराच्या शेजारी बसून पुन्हा लिही. त्याला चांगलं करू नकोस, देवमाणूस तर अजिबात नको. त्याला भूक लागलेली असू दे, नवे बूट चावत असू देत, आणि गुण जाहीर होताना तो तोंडातल्या तोंडात बेरीज करत असू दे.

स्वयंपाकीणबाईंना शेवटच्या पानावर मारलंस ते मला मुळीच पटलेलं नाही. त्यावर दिवाळीत येशील तेव्हा भांडू.

तुझ्या,
बाई