५० वॅटचा हॅम रेडिओ आणि गच्चीवरचा डायपोल एवढ्यावर नागपुरातून सीक्यू वर्ल्ड वाइड काँटेस्टमध्ये (जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी संपर्क साधायच्या स्पर्धेत) उतरण्यात अर्थ आहे का?

आहे. 'नवं रिस्ट्रिक्टेड लायसन्स, तारेचा अँटेना, मला कोण ऐकणार' असं तुम्ही लिहिलंय. पण या काँटेस्टमध्ये गुणांच्या बेरजेला देश आणि झोन यांच्या संख्येने गुणतात. त्यासाठी जगाचे झोन पाडलेत, आपण झोन २२ मध्ये. युरोपातल्या ऑपरेटरला त्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) पहिलाच व्हीयू, म्हणजे भारतीय स्टेशन, सापडला की नवा देश मिळतो, आणि बहुतेक वेळा नवा झोनही. म्हणून तुमचा पुसट आवाजसुद्धा तो जिवाचा कान करून ऐकतो. एरवी हाच माणूस तुमच्यासाठी थांबला नसता.

व्हॉइसची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. आपल्या वेळेने शनिवारी पहाटे ५.३० ते सोमवारी पहाटे ५.३०. सगळे ४८ तास बसायची गरज नाही. सकाळी १५ आणि १० मीटरच्या बँडवर जपान, दुपार कलली की युरोप, रात्री ४० मीटर. अमेरिकेचा मार्ग ध्रुवाकडून जातो, तो अवघड; पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका.

स्वतः सीक्यू, म्हणजे 'कुणीही उत्तर द्या' अशी हाक, देत बसू नका. डायल फिरवा, दणदणीत स्टेशन शोधा, त्याचा कॉलसाइन (ओळखीची अक्षरं-आकडे) नीट उतरवा आणि तो थांबला की आपला कॉलसाइन एकदाच, फोनेटिक्समध्ये (अल्फा, ब्राव्हो असं एकेका अक्षराला शब्द वापरून). तिकडून 'फाइव्ह नाइन वन फाइव्ह' आलं, तुम्ही 'फाइव्ह नाइन टू टू' म्हटलं, झालं काम: आधी आवाजाचा रिपोर्ट, मग आपापला झोन. आवाज कितीही चिरका असो, रिपोर्ट सगळे फाइव्ह नाइनच देतात. हवापाणी, संत्री वगैरे तिथे नको. पाइलअप (एकाच स्टेशनला हाका मारणाऱ्यांची गर्दी) मोठा असेल तर पुढे सरका. रविवारी दुपारनंतर मोठ्या स्टेशनांना नवे कॉल मिळेनासे होतात, तेव्हा तुमची खरी चलती. भारतातल्या संपर्काला गुण शून्य, पण देश आणि झोन मोजले जातात. दर बँडवर एक व्हीयू उरकून घ्या.

डोकेदुखी आहे ती नॉइजची, म्हणजे विजेच्या उपकरणांमुळे रेडिओत येणाऱ्या खरखरीची. हे दिवस बरेचदा दिवाळीच्या आगेमागेच येतात आणि गल्लीभर एलईडीच्या माळा. मी रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतो, घरचा मेन पाडतो आणि एकेक एमसीबी उचलत एस मीटरकडे (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरकडे) बघतो. आमच्याकडे चोर निघाला पाण्याच्या फिल्टरचा ॲडॅप्टर! शेजाऱ्यांच्या माळांवर इलाज एकच: फराळाचं ताट घेऊन जायचं आणि मग हळूच विषय काढायचा. तरीही भागलं नाही तर ४० मीटर सोडून १० आणि १५ वर बसा, तिथे हा त्रास कमी असतो.

श्रेणी लो पॉवर निवडा. लायसन्सला तीन वर्षं झालेली नसतील तर रूकीवरही (नवख्यांच्या गटावरही) खूण करा. लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, कॅब्रिलो या ठरलेल्या साच्याच्या फाइलमध्ये पाच दिवसांच्या आत पाठवायचा, वीसच संपर्क झाले असले तरी. नंतर तपासणीचा अहवाल मिळतो. कुणाच्या कॉलसाइनमधलं कुठलं अक्षर चुकीचं ऐकलंत ते त्यात ओळीनिशी कळतं.