मुंबई लोकलची वायर डीसीवरून एसी झाली म्हणजे काय? डबे तर गार झाले नाहीत!

तुमचा गोंधळ आमच्या डब्यातही होता. ‘एसी झालं’ अशी बातमी आली की कुणीतरी घाम पुसत पंख्याकडे बघायचाच. हा एसी विजेचा, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज (डीसी एकाच दिशेने वाहते); थंडाव्याचा नव्हे. थंडाव्याची लोकल पश्चिम रेल्वेवर धावली ती २५ डिसेंबर २०१७ला.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी निघाली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढे डबे नवाचे बारा झाले, गाड्या वाढल्या आणि कमी व्होल्टचं दुखणं समोर आलं. व्होल्ट कमी, तर तेवढ्याच ताकदीसाठी करंट जास्त. मग वायर जाडजूड हवी, आणि दर थोड्या किलोमीटरवर वीज पुरवणारं सबस्टेशन. २५,००० व्होल्टवर तेच काम साधारण सतराव्या हिश्श्याच्या करंटमध्ये होतं.

नुसती वायर बदलून भागलं असतं, तर इतकी वर्षं लागली नसती. एवढ्या दाबाच्या विजेला पुलाखाली मोकळी जागा जास्त लागते, आणि आपले पूल ब्रिटिशांच्या काळातले, बुटके. कुठे पूल उचलला, कुठे रूळ खाली घेतले. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल जानेवारी २०१६मध्ये पाडला, तो याच कारणाने. पश्चिम रेल्वेचं काम २०१२मध्ये संपलं, मध्य रेल्वेची मुख्य लाईन २०१५मध्ये आणि हार्बर एप्रिल २०१६मध्ये. सगळ्यात आधी वीज आली ती हार्बरवर, आणि डीसीचा निरोपही तिथेच झाला!

प्रवाशाला कळणारा फरक म्हणजे सुटतानाचा हिसका. जुनी गाडी टप्प्याटप्प्याने वेग घ्यायची, उभी माणसं एकमेकांवर आदळायची. नव्या रेकमध्ये (म्हणजे डब्यांच्या नव्या संचात) मोटारचा सूर चढत जातो आणि गाडी अलगद सरकते. ब्रेक मारताना तयार झालेली वीज परत वायरमध्येही जाते. अर्थात हे रेकचंही श्रेय, फक्त वायरचं नाही.

मधली काही वर्षं मात्र मजेशीर होती. अर्धा मार्ग एसी, अर्धा डीसी, म्हणून गाड्या दोन्हींवर चालणाऱ्या. हद्द आली की मोटरमन वीज बंद करायचा, गाडी नुसत्या वेगावर पुढे जायची, दिवे-पंखे बंद. नवखा माणूस दचकायचा. आमचे पत्तेवाले पानं छातीशी धरून गप्प बसायचे आणि दिवे आले की पहिल्यांदा शेजाऱ्याकडे संशयाने बघायचे.