शेली-बायरन इटलीला कशाला गेले? ऊन खायला की तोंड चुकवायला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. बायरन, शेली, कीट्स या इंग्रज कवींना ‘इटलीच्या निसर्गसौंदर्याने प्रेरणा दिली’ असं परीक्षेच्या गाईडांत छापलेलं असतं, त्यात तथ्य किती? आणि पुढच्या वर्षी दहा दिवस इटलीला जाताय, तर त्यांच्या कोणत्या जागा पाहाव्यात?

मी बरीच वर्षं एस.वाय., टी.वाय.च्या वर्गांना हेच कवी शिकवत आले. ते प्रेरणेचं वाक्य इतक्या उत्तरपत्रिकांत वाचलंय की आता पेन आपोआप अर्धा मार्क देऊन पुढे सरकतं. माझं मत सांगते. यांच्यापैकी कोणीही निसर्ग बघायला कायमचा देश सोडला नाही. एकाला बदनामीने हाकललं, दुसऱ्याला कोर्टाने आणि देणेकऱ्यांनी, तिसऱ्याला क्षयाने. इटलीने त्यांना स्वस्ताई दिली, इंग्लंडपासून सुरक्षित अंतर दिलं आणि कवितेचे दोन जुने छंद हाती दिले. डोंगर-समुद्र होतेच, पण ते या तिन्हींच्या मागून.

आधी एक अपवाद. नेपोलियनच्या लढायांमुळे फ्रान्समधून इटलीला जायची जुनी वाट इंग्रजांना बंद होती. म्हणून जुलै १८०९ मध्ये एकवीस वर्षांचा बायरन मित्र हॉबहाउसला घेऊन समुद्रमार्गे लिस्बनला उतरला. तिथून घोड्यावर सेव्हिल, कादिझ, मग जिब्राल्टर, माल्टा आणि थेट अल्बानिया. तिथला अली पाशा हा नावाजलेला क्रूरकर्मा; त्याने या पोराचे बारीक कान आणि गोरे हात पाहून ‘खानदानी दिसतोस’ अशी तारीफ केली. बायरनने ते लगेच आईला पत्राने कळवलं! ३ मे १८१० रोजी तो हेलेस्पाँटची सामुद्रधुनी एक तास दहा मिनिटांत पोहून गेला आणि पुढे जन्मभर ते सांगत राहिला. या प्रवासातून ‘चाइल्ड हॅरल्ड’चे पहिले दोन सर्ग निघाले, १८१२ मध्ये छापले गेले आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. एवढ्या एका प्रवासापुरते गाईडवाले बरोबर आहेत.

१८१६ ची गोष्ट वेगळी. बायको मूल घेऊन माहेरी निघून गेलेली, सावत्र बहिणीशी संबंध असल्याची कुजबुज लंडनभर पसरलेली, दारात देणेकरी. २५ एप्रिलला बायरनने इंग्लंड सोडलं, ते पुन्हा जिवंत परतला नाही. उन्हाळा जिनिव्हाच्या तळ्याकाठी काढून नोव्हेंबरात तो व्हेनिसला पोहोचला. तिथे सकाळी सान लाझ्झारो बेटावरच्या मठात जाऊन आर्मेनियन साधूंकडे त्यांची भाषा शिकायची आणि रात्री कार्निव्हलमध्ये दिवाळं काढायचं, असा दिनक्रम. रोमला जायला तो काचकूच करत होता. कारण काय, तर तिथे इंग्रज पर्यटकांची गर्दी फार! स्वस्तात राजेशाही मिरवायला आलेली आ वासून बघणारी मंडळी, असं त्याने मित्राला लिहिलंय. गंमत म्हणजे पुढे त्याचाच प्रकाशक मरे, त्याच्या घराण्याने पर्यटकांसाठी हँडबुकं काढली आणि इटलीच्या हँडबुकांत पानोपानी बायरनच्याच ओळी घातल्या. म्हणजे ‘प्रेरणा’वाल्या वाक्याचा उगम हवा असेल तर तो कवींपेक्षा त्या हँडबुकांत शोधा.

बायरनला इटलीत खरं घबाड मिळालं ते एका जेवणाच्या पंगतीत. १८१७ च्या उन्हाळ्यात, ज्या बाईशी त्याचं प्रकरण चालू होतं तिच्या नवऱ्यानेच (व्हेनिसमध्ये याचं कोणाला काही वाटत नसे) त्याला एक किस्सा सांगितला. समुद्रावर गेलेला नवरा मेला असं समजून बायको दुसऱ्याबरोबर सुखाने राहते आणि बऱ्याच वर्षांनी नवरा तुर्काच्या वेषात हजर होतो. मग मारामारी? छे, तिघं कॉफी प्यायला बसतात. यावरून ‘बेप्पो’ लिहिताना बायरनने ओत्ताव्हा रीमा हा इटालियन छंद उचलला. आठ ओळींचं कडवं, त्यात सहा ओळी गोष्ट रचत न्यायची आणि शेवटच्या दोन ओळींत तिची टोपी उडवायची. तोवरचा बायरन उसासे टाकणारा होता, इथून तो हसायला लागला. ‘डॉन हुआन’ याच छंदात आहे. माझ्या मते ‘चाइल्ड हॅरल्ड’ची सगळी पडकी देवळं आणि चांदण्या रात्री या एका छंदावरून ओवाळून टाकाव्यात.

शेलीची कहाणी अधिक कडू आहे. पहिली बायको हॅरिएट हिने १८१६ च्या अखेरीस पाण्यात जीव दिला. तिची दोन मुलं शेलीला द्यायला १८१७ मध्ये कोर्टाने नकार दिला. हा नास्तिक, याच्या हाती मुलं कशी द्यायची, असा एकूण सूर. दुसरी बायको मेरी, तिच्यापासून झालेली मुलंही काढून घेतील ही धास्ती, डोक्यावर कर्ज, छातीचं दुखणं. मार्च १८१८ मध्ये शेली, मेरी, तिची सावत्र बहीण क्लेअर आणि तीन लहान मुलं अशी वरात इटलीकडे निघाली. तिघांतली एक, अलेग्रा, क्लेअरला बायरनपासून झालेली. ती बापाकडे सोपवायची होती.

पुढची चार वर्षं म्हणजे नुसता पत्त्यांचा बदल. मिलान, लिव्होर्नो, बान्यी दि लुक्का, एस्ते, नेपल्स, रोम, पुन्हा लिव्होर्नो, फ्लॉरेन्स, पिसा. यांतल्या काही मुक्कामांना एक कविता चिकटलेली आहे आणि काहींना एक मरण. १८१८ च्या ऑगस्टमध्ये शेली व्हेनिसला बायरनला भेटला, दोघं लिदोच्या वाळूवर घोड्यावरून फिरले, त्यातून ‘जूलियन अँड मद्दालो’ ही कविता आली. पण त्याच भेटीत अलेग्रासाठी त्याने बायरनला थाप मारली की मेरी आणि मुलं जवळच आहेत, त्यात तो अडकला आणि मेरीला तातडीने बोलावून घ्यावं लागलं. ऐन उन्हाळ्यातला अनेक दिवसांचा प्रवास, बरोबर एक वर्षाची आजारी मुलगी क्लारा. २४ सप्टेंबरला ती व्हेनिसमध्ये गेली. पुढच्या जूनमध्ये तीन वर्षांचा मुलगा विल्यम रोममध्ये तापाने गेला. त्याच वसंतात शेली काराकाल्लाच्या स्नानगृहांच्या अवशेषांवर, झुडपांत बसून ‘प्रॉमिथ्यूस अनबाउंड’ लिहीत होता. प्रस्तावनेत त्याने रोमच्या निळ्या आकाशाचे आभार मानलेत. मेरीने ते आभार कसे वाचले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता अंतराचा मुद्दा. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घातलं गेलं. हेच पीटर्लू हत्याकांड. बातमी लिव्होर्नोला शेलीपर्यंत पोहोचायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्यावर त्याने ‘मास्क ऑफ अनार्की’ लिहिली आणि सुरुवातच अशी केली की मी इटलीत झोपलो असताना समुद्रापलीकडून एक आवाज आला. इंग्लंडवरची त्याची सर्वांत जळजळीत कविता इटलीत बसून लिहिलेली आहे. लंडनच्या संपादकाला मात्र ती छापायचं धाडस झालं नाही. ती उजेडात आली १८३२ मध्ये, शेली जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

१८१९ च्याच ऑक्टोबरात फ्लॉरेन्सबाहेर, आर्नो नदीकाठच्या रानात, ‘ओड टू द वेस्ट विंड’ झाली. इथे गाईडवाल्यांना एक मार्क द्यायला हवा, कारण त्या दिवशीचं वादळ त्याने स्वतःच टिपेत नोंदवलंय. पण कविता नीट पाहा. तीन-तीन ओळींची गुंफण आहे, ती दान्तेची तेर्झा रीमा. आणि प्रत्येक भाग चौदा ओळींचा, म्हणजे पुन्हा सुनीताची (सॉनेटची) मोजणी. सुनीतही मूळचं इटलीचंच. इंग्रजीमार्गे केशवसुतांनी ते मराठीत आणलं, तेव्हा या सगळ्याशी आपला बादरायण संबंध आहेच.

शेवटचं घर सान तेरेन्झोचं, कासा मान्यी. १८२२ चा उन्हाळा. लाटा थेट घराच्या पायाला लागायच्या. मेरीला ते घर पहिल्या दिवसापासून नकोसं होतं. जूनमध्ये तिचा गर्भपात झाला. डॉक्टर वेळेत येईना, तेव्हा शेलीने तिला बर्फात बसवून रक्तस्राव थांबवला आणि वाचवलं. ८ जुलैला तो लिव्होर्नोहून स्वतःच्या शिडाच्या होडीने परत निघाला. बरोबर मित्र विल्यम्स आणि एक पोरसवदा खलाशी. वादळात तिघंही बुडाले. शेलीचं प्रेत व्हिआरेज्जोजवळ लागलं, खिशात कीट्सच्या कवितांचं पुस्तक उघडून दुमडलेलं. क्वारंटाइनच्या कायद्यामुळे ते आधी वाळूत पुरलं आणि ऑगस्टमध्ये तिथेच दहन केलं. या दहनाचं एक प्रसिद्ध चित्र आहे, १८८९ चं. त्यात थंडी पडलीय, सगळ्यांच्या अंगावर जाड कोट आहेत, मेरी गुडघे टेकून बसलीय. प्रत्यक्षात भर ऑगस्टचं ऊन होतं, मेरी तिथे नव्हतीच आणि बायरन कंटाळून पोहायला गेला होता. हृदय जळालं नाही वगैरे जे आहे, ते मित्र ट्रेलॉनीने जन्मभर दरवेळी नवा मसाला घालून सांगितलं, त्यामुळे त्यावर परीक्षेत फार लिहू नये.

कीट्सबद्दल थोडकंच, कारण इटलीत त्याच्या वाट्याला थोडकंच आलं. शेलीने पिसाला ये म्हणून बोलावलं होतं, पण तो डॉक्टरच्या सल्ल्यासाठी रोमला गेला. २१ ऑक्टोबर १८२० ला जहाज नेपल्सच्या बंदरात शिरलं आणि लंडनमध्ये टायफसची साथ आहे या संशयावरून दहा दिवस अडकवून ठेवलं गेलं. समोर नेपल्सचा जगप्रसिद्ध देखावा आणि खाली कोंदट खोलीत खोकणारा माणूस. सुटका झाली त्या दिवशी त्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. रोममध्ये डॉक्टरने रक्त काढलं आणि जवळजवळ उपाशी ठेवलं; त्या काळची उपचारपद्धतीच ती. २३ फेब्रुवारी १८२१ ला तो गेला. चित्रकार सेव्हर्न शेवटपर्यंत उशाशी होता. इटलीत कीट्सने एकही कविता लिहिली नाही. फक्त थडग्यासाठी एक ओळ सांगून ठेवली: ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं तो इथे पहुडला आहे. त्या दगडावर खरोखरच त्याचं नाव नाही.

आता तुमचा प्रवास. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांना लागून पिआत्सा दि स्पान्या २६ हे कीट्सचं घर आहे, १९०९ पासून संग्रहालय. खोली अरुंद आहे आणि पायऱ्यांवरचा गोंगाट आत घुसतो. सामान मात्र त्याचं नाही. क्षयाच्या भीतीने कायद्याप्रमाणे तेव्हा सगळं जाळलं होतं. नंतर मेट्रोने पिरामिदे स्टेशनला उतरा. तिथल्या कॅथलिक नसलेल्यांच्या दफनभूमीत कीट्स जुन्या भागात आहे, शेलीच्या अस्थी नव्या भागात भिंतीजवळ. काराकाल्लाही तिथून फार लांब नाही. एका दिवसात तिन्ही होतं.

व्हेनिसला गेलात तर सान लाझ्झारोचा मठ अवश्य पाहा, वेळ आधी विचारून घ्या. पिसाला मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो झाला की आर्नोच्या काठाने अर्धा तास चाला. बायरन तिथल्याच एका वाड्यात राहत होता आणि नदीपलीकडे समोर शेली. फ्लॉरेन्समधलं ते रान आता काशीने नावाची बाग आहे, लोक तिथे कुत्री फिरवतात. शेलीसाठी मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे काही नाही.

वाट वाकडी करायची तर लेरिचीसाठी करा. ला स्पेत्सियापर्यंत रेल्वे, पुढे बस, ती सान तेरेन्झोवरून जाते. कासा मान्यी अजून उभं आहे, बाहेरूनच बघायचं. त्या आखातालाच आता ‘कवींचं आखात’ म्हणतात, म्हणजे हँडबुकवाल्यांची सरशी झालीच. जाताना बरोबर मेरीने १८३९ मध्ये काढलेल्या शेलीच्या संग्रहातल्या टिपा घ्या. कोणती कविता कुठल्या घरात, कुठल्या हवेत, घरात काय चालू असताना लिहिली, ते तिने वर्षवार सांगितलंय. जिथे सांगवत नाही तिथे ती सरळ गप्प बसते. जुलै-ऑगस्टात तिथल्या किनाऱ्यावर छत्र्यांमधून पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मे किंवा सप्टेंबरचं तिकीट काढा.