बागेची प्रश्नोत्तरे : मुरमाड उतारावर काय लावावे?

प्रश्न : आमचे घर सासवडजवळ असून घरामागे नैऋत्येकडे उतरत जाणारी सुमारे दोन गुंठे मुरमाड जागा आहे. दोन वर्षे तेथे मोगरा, जास्वंद आणि हिरवळ लावून पाहिली. उन्हाळ्यात सारे करपले आणि पावसाळ्यात वरची मातीही वाहून गेली. मार्चनंतर बोअरला पाणी कमी असते. येथे कोणती झाडे टिकतील? (एक वाचक, पुरंदर तालुका)

उत्तर : आपण झाडांची नावे विचारली आहेत, परंतु त्याआधी पाण्याचा विचार करावा लागेल. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी दोन गुंठ्यांवर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. ते उतारावरून धावत जाते आणि जाताना माती घेऊन जाते, म्हणून झाडे उपाशी राहतात. मे महिन्यातच उताराला आडव्या, समपातळीत, फूटभर खोल चरी खणून घ्याव्यात. पातळी काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. खणलेला मुरूम चरीच्या खालच्या अंगाला बांधासारखा रचावा आणि त्या बांधावर वीत-वीत अंतराने वाळ्याचे ठोंब लावावेत. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, त्यामुळे बांध धरला जातो आणि शेजारच्या झाडांशी त्याची फारशी स्पर्धा होत नाही.

नैऋत्येच्या उतारावर दुपारनंतरचे ऊन पडते, म्हणजे हवा आधीच तापलेली असताना जमीनही तापते. मोठ्या, पातळ पानांच्या झाडांना हे सोसत नाही. आपल्या भागातील माळावर पाणी न देता काय जगले आहे, ते एप्रिलमध्ये एकदा फिरून पाहावे. माझ्या मते रोपवाटिकेत जाण्यापूर्वी प्रत्येकाने हे करायला हवे. तेथे तरवड दिसेल. त्याची पिवळी फुले बागेतल्या कोणत्याही झुडपाच्या तोडीची आहेत आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या जोडीला निर्गुडी, धायटी आणि करवंद ही झुडपे घ्यावीत. करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. मे-जूनमध्ये पिकलेली फळे खाल्ली की बिया धुऊन लगेच पिशव्यांत पेराव्यात आणि ती रोपे पुढच्या पावसाळ्यात उतारावर न्यावीत.

वृक्षांमध्ये बहावा, आपटा आणि पांढरा चाफा पुरेत. सीताफळ तर आपल्या तालुक्याचेच पीक, ते दोन-तीन जरूर लावावे. मात्र उन्हाळ्यात सीताफळाची आणि चाफ्याची पाने गळतात, हे आधीच सांगून ठेवतो. पानगळ ही त्यांची पाणी वाचवण्याची रीत आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा ओलसर थर दिसला, तर झाड जिवंत आहे. ते न पाहता घाबरून रोज बादल्या ओतल्या की मुळे वरच्या थरातच राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड खरोखर मरते.

घायपात आणि कोरफड चरीच्या कडेला शोभतात, पण घायपाताचे टोकदार काटे वाटेपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावेत. कण्हेरही तग धरते, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्यामुळे घरात मुले किंवा जनावरे असतील, तर मी ती सुचवणार नाही.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन हातभर भिजल्यावरच लागवड करावी आणि रोपे दीड-दोन फुटांहून मोठी घेऊ नयेत. पिशवीत मुळांचा गुंता झालेले उंच रोप मुरमात रुजत नाही. पहिले दोन उन्हाळे मात्र पाणी द्यावेच लागेल. त्यासाठी रंग न दिलेले, पाझरणारे मातीचे मडके रोपाच्या वरच्या अंगाला गळ्यापर्यंत पुरावे, ते भरून झाकण ठेवावे आणि रोपाभोवती पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा. मडके रिकामे झाले की पुन्हा भरावे, इतकेच काम उरते.

प्रश्न : आमच्या उतारावर घाणेरी आपोआप वाढली आहे. ती माती धरते, तर तशीच ठेवावी का? (एक वाचिका, माण तालुका)

उत्तर : ठेवू नये. ती मूळची आपल्याकडची नाही, पाने गुरांना विषारी असतात आणि पक्षी तिच्या बिया सगळ्या माळावर पसरवतात. परंतु पावसाच्या तोंडावर सारा उतार उघडा करणेही चुकीचे ठरेल. यंदा वरचा तिसरा हिस्सा साफ करून तेथे तरवड व करवंद लावावे आणि ते सावरल्यावर खाली सरकावे. नुसती छाटलेली घाणेरी पुन्हा फुटते, म्हणून जमिनीखाली दोन इंचांवर कुदळीने मूळ तोडून झुडूप तेथेच उलटे करून ठेवावे.