शिलाईचे वर्ष आणि मोडायला काढलेली मुदत ठेव

प्रश्न : मी लालबागला राहते, वय 36. यजमानांचा पगार हातात 54,000 रुपये येतो, घरगुती शिकवण्यांतून मला महिन्याला 8,000 मिळतात. घरखर्च 46,000 आहे. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. पन्नास-पन्नास हजारांच्या तीन मुदत ठेवी आणि बचत खात्यात 40,000 रुपये, एवढीच हाताशी पुंजी आहे. या गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत घरातले शिवण घरीच करायचे असे ठरवून मी 24 वस्तूंची यादी केली आहे : ब्लाउज, मुलीचे परकर-पोलके, पडदे, उशांचे अभ्रे, यजमानांचे दोन शर्ट, कुडते, जुन्या साड्यांची गोधडी वगैरे. त्यासाठी भरतकामाचे नमुने असलेले मशीन 21,500, कापलेल्या कडा बांधणारे ओव्हरलॉक मशीन 8,500, क्लास 6,000 आणि वर्षभराचे कापड एकदम 15,000, असे 51,000 रुपये लागतील. एक ठेव मोडावी की मशीन बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावे? दुकानात साधे झिगझॅगचे मशीन 11,200 ला आहे. सासूबाईंचे पायाचे मशीनही घरात आहे, त्याच्या दुरुस्तीला कारागिराने 1,400 सांगितले आहेत. यजमान म्हणतात, तयार कपडे स्वस्त पडतात. पुढेमागे शेजारच्यांचे ब्लाउज शिवता येतील का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही गेल्या वर्षीच्या कपड्यांच्या खर्चाचा तपशील पत्रासोबत जोडला, त्याबद्दल मनापासून आभार, कारण त्या कागदाशिवाय या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागले असते. त्यात एकूण 34,000 रुपये आहेत : चौघांचे तयार कपडे 19,000, आठ ब्लाउजांची शिलाई प्रत्येकी 650 प्रमाणे 5,200, फॉल-पिको आणि मापात कमी-जास्त करणे 1,800, आणि पडदे-चादरी-अभ्रे 8,000. मशीन कोणते घ्यावे याआधी, यातला किती पैसा तुमच्या शिवण्याने खरोखर वाचू शकतो, हे पाहायला हवे.

सर्वांत जास्त बचत ब्लाउजात आहे. अस्तर, हूक आणि दोरा धरून घरी 90 रुपयांच्या आसपास खर्च येईल, म्हणजे एका ब्लाउजामागे 560 रुपये वाचतील. मात्र पहिले दोन बिघडतील असे धरून चालावे आणि आठांऐवजी सहाच मोजावेत, म्हणजे 3,360 रुपये होतात. मापात कमी-जास्त करण्याच्या कामातले 1,500 रुपये जवळजवळ पूर्ण वाचतील. पडद्यांचा हिशेब तर मी तुमच्या खिडकीच्या मापावरच करून पाहिला. खिडकी चार फूट रुंद आहे. चुण्या नीट पडाव्यात म्हणून कापड दुप्पट रुंदीचे, म्हणजे 96 इंच हवे, आणि 48 इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) दोन तुकड्यांत ते बसते. पाच फूट लांबीला वरखालच्या दुमडीचे दहा इंच मिळवले की प्रत्येक तुकडा 70 इंचांचा, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 3.6 मीटर कापड लागते. 180 रुपये मीटरचे कापड घेतले तरी पट्टी आणि दोऱ्यासह 750 रुपयांत जोडी तयार होते, आणि तुम्ही तयार जोडीला 1,400 दिले होते. या भावाने घरातल्या कापडी वस्तूंत 3,000 रुपये वाचावेत.

तयार कपड्यांच्या बाबतीत मात्र यजमानांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. मुलांचे टी-शर्ट, जीन्स, शाळेचा गणवेश आणि अंतर्वस्त्रे घरी शिवून स्वस्त पडत नाहीत. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी 5 टक्केच आहे, आधी ही सवलत 1,000 रुपयांपर्यंतच होती. तुमचे कुडते आणि मुलीचे फ्रॉक धरून या रकान्यात फार तर 1,500 रुपये वाचतील. सगळी बेरीज 9,360 रुपये होते, आणि तीही हात बसल्यानंतरच्या वर्षाची. पहिल्या वर्षी याच्या निम्मी बचत झाली तरी मी समाधानी राहीन.

आता 51,000 रुपयांकडे पाहू. त्यातले कापड बाजूला ठेवले, कारण ते कोणत्याही मार्गाने लागणारच आहे, तरी 36,000 रुपये यंत्रे आणि शिक्षणावर जातात, आणि वर्षाला 9,360 च्या बचतीने ते वसूल व्हायला जवळजवळ चार वर्षे लागतात. एवढा काळ थांबणे चुकीचे नाही. पण त्यासाठी ठेव मोडणे मला मान्य नाही. व्याजाचे नुकसान हे त्याचे कारण नव्हे. मुदतपूर्व मोडल्याबद्दल बँकेने एक टक्का दर कापला तरी 50,000 रुपयांवर वर्षाला 500 रुपयेच जातात. कारण असे आहे की तुमच्याकडचे 1,90,000 रुपये आज घरखर्चाचे चार महिने निभावतात, आणि ठेव मोडल्यावर ते तीनच महिने निभावतील. यजमानांची नोकरी खासगी आहे, मुले लहान आहेत, आणि अशा घरात मी सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 2,76,000 रुपये बाजूला असावेत असा आग्रह धरतो. तिथपर्यंत पोहोचायचे असताना उलट दिशेने पाऊल टाकू नये.

बिनव्याजी हप्त्यांत व्याज दिसत नाही, एवढेच. बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या क्रेडिट कार्डावर येतो. 21,500 रुपयांच्या बारा हप्त्यांत दर 15 टक्के धरला तर व्याज सुमारे 1,650 आणि त्यावरचा कर सुमारे 300 रुपये होतो. शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा हातची जाते. ही रक्कम मोठी नाही हे मी मान्य करतो. माझी काळजी एखाद्या महिन्यात कार्डाचे पूर्ण बिल न भरता आल्यास काय होईल याची आहे, कारण थकलेल्या रकमेवर दरमहा साडेतीन टक्के दर म्हणजे वर्षाला 42 टक्के होतात, आणि तेवढ्या व्याजापुढे ब्लाउजांची सगळी बचत विरून जाते.

माझा सल्ला असा की सुरुवात सासूबाईंच्या मशीनपासून करावी. तुम्ही लिहिले आहे की 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्या नव्याने लग्न होऊन आल्या होत्या आणि पुढची दोन वर्षे याच मशीनवर परकर शिवून त्यांनी घर चालवले. ते वाचताना मी थोडा वेळ थांबलो. हिशेबाच्या दृष्टीनेही ते मशीन मोलाचे आहे : पायाचे मशीन सरळ टाका उत्तम घालते, सुती कापड, अस्तराचा ब्लाउज, परकर, पडदे आणि अभ्रे यांना तोच टाका लागतो, आणि वीज लागत नाही. झिगझॅग आणि ताणले जाणारे होजिअरीचे कापड त्याच्याने होत नाही. तुमच्या 24 वस्तूंपैकी बहुतेक त्यावर होतील, त्यामुळे 1,400 रुपयांची ही दुरुस्ती या संपूर्ण यादीतला सर्वांत चांगला खर्च आहे. कापलेल्या कडांसाठी ओव्हरलॉक मशीन घेण्याचे तर मुळीच कारण नाही. बाजूच्या टेलरकडे थोड्या पैशांत कडा इंटरलॉक करून मिळतात, आणि वर्षाला पंधरा-वीस कपड्यांसाठी 8,500 रुपयांचे यंत्र लालबागच्या घरात जागाही अडवेल.

क्लासचे 6,000 रुपये मात्र मी कापणार नाही. शिवायला बसल्यावर चुकलेला टाका उसवता येतो. बेतताना चुकलेली कात्री परत फिरवता येत नाही, आणि 650 रुपयांच्या शिलाईपेक्षा महागाच्या साडीतला ब्लाउजपीस बिघडला तर ते मन फार काळ खाते. शाळेत आणि लग्नाआधी तुम्ही शिकला होता, तरी दहा वर्षांत हात सुटतो. फी दरमहा 2,000 प्रमाणे तीन महिन्यांत भरता येईल का हे विचारा आणि ती शिकवणीच्या उत्पन्नातून द्या.

कापडाचे 15,000 रुपये एकदम खर्च करण्याला माझा सर्वांत ठाम विरोध आहे. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या सुती कापडाला दमट वास लागतो, कधी बुरशीही येते. मुलांची मापे वर्षात बदलतात. आणि आज आवडलेली छपाई फेब्रुवारीत आवडेलच असे नाही. तुमच्या घरापासून हिंदमाताचा कापडबाजार चालण्याच्या अंतरावर आहे, आणि करी रोडहून लोकलने मशीद बंदरला उतरले की मंगलदास आणि मुळजी जेठा मार्केट गाठता येते. ज्या शहरात कापडाचा बाजार इतका जवळ आहे तिथे घरात साठा करण्याची गरजच काय? एका वेळी पुढच्या दोन वस्तूंपुरतेच कापड घ्या, आणि ती शिवून झाल्याशिवाय पुढची खरेदी करू नका. खरेदीत पन्हा पाहिल्याशिवाय भावाची तुलना करू नका, कारण 36 इंच पन्ह्याचे 110 रुपये मीटरचे कापड चौरस मीटरला 120 रुपयांना पडते, तर 44 इंच पन्ह्याचे 125 रुपये मीटरचे कापड 112 रुपयांनाच पडते. दिसायला महाग असलेले कापड स्वस्त निघते. सुती कापड बेतण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे लागते, आणि ते आटते म्हणून थोडे जास्त घ्यावे लागते, हेही हिशेबात धरा.

आता वेळ. तुमच्याकडे शनिवार-रविवारचे मिळून सहा तास आहेत. नवशिक्याला अस्तराचा एक ब्लाउज सहा-सात तास घेतो, आणि हाताने घातलेली गोधडी चाळीस तासांच्या खाली होत नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून 19 मार्च 2026 च्या पाडव्यापासून 7 एप्रिल 2027 च्या पाडव्यापर्यंत तेरा चांद्र महिने तुम्हाला मिळतात, आणि गणपतीही 14 सप्टेंबरला, म्हणजे उशिरा येतात. तरीही परीक्षा, आजारपण आणि सणांचे आठवडे वजा करून मी यादी चौदा वस्तूंवर आणा असे सांगेन. शर्ट पुढच्या वर्षावर टाका, कारण कॉलर, कफ आणि बटणपट्टी हे शिक्षणाच्या शेवटी येणारे काम आहे. पावसाळ्यापर्यंत अभ्रे आणि पडदे, मग ब्लाउज, गणपतीला मुलीचे परकर-पोलके, आणि गोधडी दिवाळीनंतरच्या थंडीत, असा क्रम मला योग्य वाटतो.

नव्या मशीनचा निर्णय गणपतीनंतर घ्यावा. तोपर्यंत सहा वस्तू पूर्ण, म्हणजे हूक-काज लावून, इस्त्री करून, वापरात आलेल्या असतील तर 11,200 चे झिगझॅग मशीन घ्या. त्यासाठी एप्रिलपासून दरमहा 1,500 रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा. ऑक्टोबरच्या हप्त्यापर्यंत 10,500 होतात आणि उरलेले 700 सहज निघतील. दसरा 20 ऑक्टोबरला आहे, म्हणजे झेंडूचा हार घालायला जुन्यासोबत नवे मशीनही असेल. पक्के बिल आणि हमीपत्र घ्या. शिलाई मशीनवरचा जीएसटी गेल्या सप्टेंबरात 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तो बिलात तसाच लागला आहे हे तपासा. सहा वस्तू झाल्या नाहीत, तर त्या पैशांची चौथी छोटी ठेव करावी आणि शिवण जुन्या मशीनवर सावकाश चालू ठेवावे. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही. या मार्गाने यंत्रे आणि क्लास मिळून 18,600 रुपये लागतात, आणि हात बसल्यानंतरच्या दोन वर्षांच्या बचतीत ते भरून निघू शकतात.

शेजारच्या ब्लाउजांविषयी : पहिले वर्ष फक्त घरचे शिवावे. दुसऱ्याची साडी बिघडली तर भरपाईसोबत शेजारही दुखावतो. पुढे महिन्याला चार ब्लाउज 400 रुपयांनी शिवले तर 1,600 रुपये येतील, आणि तीच वेळ शिकवणीला दिल्यास किती मिळतील, ही तुलना तेव्हा जरूर करा. तुमच्या मैत्रिणीने पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज भरायला सांगितले आहे. त्या योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळते. परंतु ती स्वयंरोजगारातून हा व्यवसाय आधीपासूनच करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. आज तुम्ही शिवणकामाचा व्यवसाय करत नाही, म्हणून तसे लिहून देऊन अर्ज करू नका.

या रविवारी मशीन कारागिराला बोलवा. चामडी पट्ट्यासोबत बॉबिन केसही तपासून घ्या, 14 आणि 16 नंबरच्या सुया आणून ठेवा, आणि पहिली वस्तू म्हणून स्वयंपाकघरातल्या खिडकीचा पडदा बेता; सासूबाईंना शेजारी बसवून घेतलेत तर क्लासचा पहिला धडा घरीच होईल.