आई कॅमेऱ्यासमोर अवघडते तेव्हा

प्रश्न : माझी आई तरुणपणी देश सोडून इथे आली, माझा जन्म इथलाच. तिचे स्थलांतर आणि आम्हा दोघींचे नाते यांवर छायाचित्रमालिका करावी, असे फार दिवसांपासून मनात आहे. परंतु कॅमेरा पाहताच ती अवघडते आणि जुन्या अल्बमविषयी विचारले की विषय बदलते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आईचे अवघडणे हा अडथळा आहे, असे आपण धरून चालला आहात, मला मात्र मालिका तिथूनच सुरू झालेली दिसते. देश सोडणाऱ्या माणसाला आधी पासपोर्टसाठी निर्विकार चेहऱ्याने बसून आपली ओळख पटवावी लागते, आणि नंतर मायदेशी राहिलेल्यांना पाठवायच्या फोटोंत, चांगले कपडे घालून, आपले बरे चालले आहे हे दाखवावे लागते. इतकी वर्षे कॅमेऱ्यासमोर काही ना काही सिद्ध करत आलेली बाई केवळ समोर मुलगी आहे म्हणून मोकळी होईल, ही अपेक्षा जरा घाईची आहे.

म्हणून काही महिने तिचे फोटो काढूच नका. जुने फोटो टेबलावर पसरा आणि तिला हवे तसे लावू द्या. तारखांचा क्रम ती पाळणार नाही, आणि तिने लावलेला क्रमच आपल्या उपयोगाचा आहे. फोटोंची मागची बाजूही स्कॅन करा, कारण तिथले हस्ताक्षर आणि स्टुडिओचा शिक्का पुष्कळ काही सांगून जातात. 1970च्या दशकातील रंगीत प्रिंट तांबूस झाल्या असतील, तर तो त्या काळच्या कागदातील सायन (हिरवट निळा) रंग विरल्याचा परिणाम आहे; संगणकावर तो दुरुस्त करण्यापूर्वी आहे तशी एक प्रत ठेवा. कात्रीने कापलेली कडा दिसली, तर तिथे कोण होते हे लगेच विचारू नका.

त्यानंतर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून रिमोट तिच्या हाती द्या आणि आपण तिच्याशेजारी बसा. चौकट आपण ठरवाल, क्षण ती ठरवेल. (मोबाइल फार जवळ धरू नका, नाक मोठे दिसले की पुढचा महिनाभर ती बसणार नाही.)

जे प्रसंग कुणीच टिपले नाहीत, ते नव्याने उभे करता येतात. छायाचित्रकार डायना मार्कोसियन यांची आई 1996 मध्ये मुलांना घेऊन मॉस्कोहून कॅलिफोर्नियाला गेली. मोठेपणी मार्कोसियन यांनी नटांकडून ते प्रसंग करवून घेतले आणि 2020 मध्ये त्यांचे पुस्तक केले. आपल्याला नटांची गरज नाही. आईची भूमिका आपण स्वतः करावी आणि आपले कुठे चुकते हे तिने सांगावे. प्रश्न विचारून जे निघत नाही, ते अशा चुका काढताना बहुधा निघते.

कोणता फोटो बाहेर दाखवायचा, हे मात्र तिच्यावर सोडा. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी छायाचित्रणावरील 1980 मधील पुस्तकात दिवंगत आईच्या बालपणीच्या एका फोटोवर विस्ताराने लिहिले, पण तो छापला नाही. एखाद्या फोटोला आई नाही म्हणाली, तर ते पान कोरे ठेवून खाली तिला सांगावीशी वाटेल ती एक ओळ द्या.