पाव कुठनं आला? पायातनं, पावशेरातनं की भट्टीतनं?

प्रश्न: आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी एक वाद मिटतच नाहीये. कोल्हापूरचे एक सहकारी ठामपणे सांगतात की पीठ पायांनी तुडवून मळायचे म्हणून त्याला पाव म्हणतात. घरी विचारलं तर सासूबाईंचं वेगळंच, लादीचा तुकडा म्हणजे पाव हिस्सा म्हणून पाव. खरं काय ते एकदाचं सांगा.
(एक वाचक, डिचोली)

उत्तर: दोघंही चुकताहेत, पण चुकताहेत भारी! खायचा पाव हा पोर्तुगीज शब्द, ते नाकातनं उच्चारतात, साधारण ‘पांव’ असा, आणि त्यांच्याकडे तो लॅटिनमधल्या ‘पानिस’वरनं आला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, मागोमाग भट्टीतला पाव आला, आता इथे यीस्ट कुठलं मिळायला, मग माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ फुगवायला लागले. पाव करणारा तो त्यांचा ‘पादेइरु’, आपला पोदेर, अजून सकाळी सायकलचा भोंगा वाजवत दारात येतो तो. त्याच्या टोपलीत बघा, नुसता ‘पाव’ मागून भागत नाही, उंडे, काकणां, पोळी अशी वेगवेगळी नावं. (पुण्याच्या पाहुण्यांना या पोळीबद्दल आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ते तूप घेऊन बसतात.)

सहकाऱ्यांना पटत नसेल तर जपानचं सांगा. १५४३ च्या सुमारास पोर्तुगीज तिथे पोचले आणि जपानी माणूस आजही पावाला ‘पान’ म्हणतो, श्रीलंकेत सिंहलीतही ‘पान’च. जपान्यांना आपला पायही माहीत नाही आणि पावशेरही नाही, तरी नाव तेच पडलं ना? कुणी कुठे पायानं पीठ मळलंही असेल, नाव त्यावरनं पडलेलं नाही.

आता मजा. तुमचे सहकारी आणि सासूबाई भांडताहेत ते खरं तर एकाच शब्दावरनं. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय, आणि जनावराचे पाय चार, त्यातला एक म्हणजे चौथा भाग, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. श्लोकाचे चार चरण तेही याच हिशोबानं. पादचा घासून घासून आपला ‘पाव’ झाला, हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतात तोही तिथलाच. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पाद कमी, आणि सव्वा म्हणजे ‘सपाद’, पादासकट. भाजीवाल्याकडे पाव किलो भेंडी मागताना आपण मूळ शब्दानं एक पाय भेंडी मागत असतो.

हिंदीतली ‘पावरोटी’ आणि बंगालीतली ‘पाउरुटी’ मला भारी आवडते, पाव म्हणजे रोटीच की, म्हणजे हे लोक रोटी-रोटी म्हणताहेत. मलेशिया-सिंगापूरकडे फिरायला गेलात आणि पाटीवर ‘पाव’ वाचलंत तर मात्र उंडा समजून जाऊ नका, वाफवलेला, आत सारण भरलेला गोळा मिळेल, बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा. तो चिनी ‘बाओ’, अर्थ गुंडाळणं, आपल्या पावाशी नातं शून्य. आणि लिस्बनला जाणार असाल तर नाकातनं बोलायची प्रॅक्टिस करा, तिथे अनुनासिक न करता सरळ ‘पाव’ म्हटलंत तर त्याचा अर्थ काठी, लाकूड. तो लॅटिनमधला तिसराच शब्द, ‘पालुस’, म्हणजे खुंटा.

प्रश्न: मग ‘देवा, पाव रे’ म्हणतो तो पाव यातला कुठला?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: यातला कुठलाच नाही. तो संस्कृत ‘प्राप्’ धातूतला, मिळणं, पोचणं. देव पावतो म्हणजे आपल्यापर्यंत पोचतो. कोंकणीत तर हा अर्थ रोजच्या बोलण्यात आहे, ‘घरा पावलों’ म्हणजे घरी पोचलो, फोनवर दिवसातनं किती वेळा म्हणत असाल. पावती तिथलीच, पैसे पावले त्याचा कागद. म्हणजे बेकरीतनं पावाची पावती घेतलीत तर पाव लॅटिन घराण्यातला आणि पावती संस्कृत घराण्यातली. पोदेर मात्र पावती देत नाही, तिथे हिशेब तोंडीच.